एकेकानं कानात सांगा

आमच्या मॅडमसमोर "मला भूक लागलीय" असं म्हणायची सोय नव्हती. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?"

पोटात कावळे ओरडतायत असं म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असायचा. "घड्याळात एक वाजलेला बघून ओरडायला लागले, की आधीपासून ओरडत होते?" मग आपण खरंच आठवायला लागायचो. आपलं आठवून होईपर्यंत मॅडमनी आपल्या डब्यातली भेंडी संपवलेली असायची.

पनवेलच्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. मी आपटा गावची, रोज एसटीनं यायचे. मानसशास्त्र घेतलं ते काही मनाच्या ओढीनं नव्हे. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि खिडकीतल्या क्लार्कनं "हे घे, यात फारसं कुणी नापास होत नाही" एवढंच सांगितलं होतं. आईला वाटलं, पोरगी आता वेड्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागणार. वडिलांना वाटलं, ही समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकणार. पहिले काही महिने ते माझ्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे.

पहिल्याच तासाला मॅडम आल्या. उंच, सडपातळ, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. टेबलावर पर्स ठेवली, "मन म्हणजे काय?" एवढं फळ्यावर लिहिलं, आणि तेवढ्यात एक माणूस दारातून आत घुसला, पर्स उचलली आणि पळाला. वर्गात किंचाळ्या. मागच्या बाकावरची दोन मुलं त्याच्यामागे धावायला उठली, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बसा. कागद काढा. चोर कसा होता ते लिहा. शेजारच्याचं बघायचं नाही."

आम्ही लिहिलं. कुणी लाल शर्ट लिहिला, कुणी निळा. बऱ्याच जणांनी मिशी लिहिली. एका मुलीनं तो हिंदीत शिवी देऊन गेल्याचं लिहिलं. एकानं हातात चाकू होता असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी लिहिलं की तो लंगडत होता.

मग मॅडमनी चोराला आत बोलावलं. तो कॉलेजचा ग्रंथपाल होता. सकाळीच आम्ही सगळे त्याच्यापुढे उभे राहून लायब्ररीचं कार्ड करून आलो होतो. पांढरा हाफ शर्ट, गुळगुळीत दाढी केलेली, तोंडातून शब्द नाही. चाकू म्हणजे त्याच्या हातातलं केळं होतं. पर्स परत ठेवत तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी दुसरा चोर बघा. गेल्या वेळी प्राचार्यांनी मला बोलावून झापलं होतं."

आम्ही हसत होतो. मॅडम हसत नव्हत्या. "तुमच्यातलं कुणी खोटं बोललं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ते दिसलं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. ज्याला खरंच दिसलं त्याला कसं पकडायचं, ते आपण या विषयात शिकणार आहोत."

माझ्या लंगड्या चोराला त्या कधी विसरल्या नाहीत. एमएचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गेले, तर पहिला प्रश्न, "त्याचा पाय कसा आहे आता?"

त्यांचं आडनाव कोकणातल्या एका गावाचं, पण शुक्रवारी दिवेलागणीला त्या मेणबत्त्या लावायच्या आणि शनिवारी कुठलंही काम करायच्या नाहीत. आपल्याकडचे ज्यू. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले, घरात मराठीच बोलणारे. भावंडं इस्रायलला निघून गेली, मॅडम एकट्या राहिल्या. लग्न केलं नव्हतं. दर आठवड्याला भावाचा व्हिडिओ कॉल यायचा, "ये आता इकडे." मी एकदा विचारलं, का नाही जात? तर म्हणाल्या, "तिकडे सगळे आपलेच. आपल्या माणसांवर प्रयोग करता येत नाहीत गं, ती लगेच ओळखतात."

पनवेलकर ओळखायचे नाहीत असं नाही, पण सवय झाली होती. मला पुढे खारघरच्या एका कॉलेजात समुपदेशकाची नोकरी लागली आणि आपट्याहून जाणंयेणं जमेना, तेव्हा मॅडमनी त्यांच्या तळ्याजवळच्या घराची मागची खोली मला राहायला दिली. त्या घरात जेवायच्या टेबलाशी कुणाची जागा ठरलेली नव्हती. "मेंदूला रुळू द्यायचं नाही" म्हणून रोज खुर्ची बदलायची. घड्याळ एक महिना डाव्या हातात, एक महिना उजव्या हातात. साखरेच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी. एकदा प्राचार्य घरी आले होते. मॅडमनी त्यांच्यासमोर त्या डब्यातले दोन चमचे चहात घातले. प्राचार्यांनी एक घोट घेतला आणि फार सभ्यपणे म्हणाले, "चहा छान आहे. जरासा खारट लागतोय, पण छान आहे." मॅडमचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना पुरस्कार मिळाला. प्राचार्यांना पुढे समजावून सांगितलं, तरी त्यांनी त्या घरात परत चहा घेतला नाही.

एक प्रयोग मात्र त्यांना महागात पडला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. एसटी स्टँडजवळ उभं राहायचं आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडे टक लावून बघायचं, बस, एवढंच. टाकीवर काहीही नव्हतं. बघताना किती लोक थांबतात ते मॅडम पलीकडून उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या राहून बघणार होत्या. आम्ही पाच-सहा जण बघत राहिलो. आधी एक आजोबा थांबले. मग दोन कॉलेजची पोरं, मग एक रिक्षा. मग रिक्षामागच्या रिक्षा. कुणीतरी म्हणालं, माकड आहे. कुणीतरी म्हणालं, माणूस आहे, उडी मारतोय. ठरल्याप्रमाणे आम्ही हळूच निघून आलो, पण गर्दी निघेना. शेवटी पोलीस आले, वर चढून बघून गेले. दुसऱ्या दिवशी मला एसटीत शेजारच्या बाईनं सांगितलं, "पनवेलात टाकीवर बिबट्या आला होता म्हणे. माझ्या भाच्यानं पाहिला. शेपटी खाली लोंबत होती."

मी ही गंमत मॅडमना सांगायला धावले. त्यांनी "शेपटी?" एवढंच विचारलं. नंतरच्या तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, रस्त्यावरचे प्रयोग आजपासून बंद. कुणी विचारलं, का? "कारण वर्गात मी प्रयोग केला की शेवटी तुम्हाला खरं काय ते सांगते. त्या भाच्याला कोण सांगणार?"

त्यानंतर त्यांचं सगळं संशोधन मोबाइलवर चालायचं. ग्रुपवर जो काही मेसेज येईल त्याला त्या एकच शब्द लिहायच्या: कशावरून? लिंबानं अमुक आजार बरा होतो. कशावरून? उद्या पाणी येणार नाही. कशावरून? सोसायटीच्या ग्रुपनं त्यांना काढलं, नातेवाइकांच्या ग्रुपनं काढलं, माजी विद्यार्थ्यांनी तर नवा ग्रुप करून जुना त्यांच्या एकटीसाठी ठेवून दिला. त्या त्यातही अधूनमधून लिहायच्या.

मी त्यांच्याकडे राहायला आले, त्यानंतर एका पावसाळ्याच्या शेवटी मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरायला लागले. टोळी पनवेलात आलीय, भिकाऱ्याच्या वेशात आहेत, पोत्यात घालून नेतात. मॅडमना ज्या ज्या ग्रुपवर हे यायला हवं होतं, ते सगळे त्यांना आधीच काढून मोकळे झाले होते. त्यामुळे हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "हे वाईट आहे. यात माणूस मरतो."

शुक्रवारी सकाळी आम्ही मासळी बाजारात जायचो. मॅडमची कोळीण ठरलेली होती, नामीबाय. करंज्याहून टेम्पोनं यायची. ज्यूंच्या नियमाप्रमाणे मॅडम खवल्यांचीच मासळी खायच्या, कोलंबी, खेकडा, मुशी वर्ज्य. नामीबायला हे कधीच पटलं नव्हतं. "कोलंबी खात नाय, चिंबोरी खात नाय, मंग दर्यात हाय तरी काय?" असं दर शुक्रवारी म्हणून ती पाटीखालून मॅडमसाठी राखून ठेवलेला जिताडा काढायची. त्यांच्यात कित्येक वर्षांची ओळख होती. नामीबाय त्यांना 'शनवारवाली बाय' म्हणायची.

त्या शुक्रवारी बाजाराच्या तोंडाशीच आरडाओरडा ऐकू आला. नामीबायचा नातू तिच्याबरोबर यायचा. त्याचं नाव विवान, ती त्याला 'इवान' म्हणायची. तो दिसेनासा झाला होता. मासळीच्या ओट्यांमधल्या बोळात लोकांनी एका माणसाला धरलं होतं. दाढी वाढलेली, अंगात एकावर एक घातलेले शर्ट, खांद्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांचं पोतं. तो काही बोलत नव्हता, नुसता हसत होता, आणि ते हसणंच लोकांना सहन होत नव्हतं. नामीबाय छाती पिटत ओरडत होती, "यानीच नेला माझा पोर! मी बगितला! या माझ्या डोळ्यांनी बगितला!"

एकानं कॉलर धरली होती. दुसऱ्यानं थोबाडीत मारली. कुणीतरी ओट्यावरची लाकडी फळी उचलली. बाकीच्यांचे मोबाइल वर. मी पोलिसांना फोन लावत होते आणि माझी बोटं चुकीच्या आकड्यांवर पडत होती.

मॅडमनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, मासळीचा एक क्रेट उलटा केला आणि त्यावर चढल्या. आणि वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज काढला.

"ज्यांनी पाहिलं त्यांनी हात वर करा!"

काय सांगू, हात वर गेले. शाळेत लागलेली सवय, मोडत नाही. ज्यानं फळी धरली होती त्यानंही ती खाली ठेवून हात वर केला.

"छान. पोलीस निघालेत. साक्ष द्यायचीय ना? मग इथून रांग करा. एकेकानं येऊन माझ्या कानात सांगा. शेजारच्याला ऐकू गेलं तर साक्ष बाद! आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पोर शोधायला जा. बर्फाकडे, मटणाच्या बाजूला, स्टँडवर. पळा!"

साक्ष बाद होण्याचा हा कायदा त्यांनी त्या क्रेटवर उभ्या उभ्या तयार केला होता. पण तो अमलात आला. कोळणी चारी बाजूंना पळाल्या, आणि उरलेल्यांनी रांग धरली. रांग लागल्याबरोबर भांडण त्या माणसावरून उठून रांगेवर गेलं. "ओ काका, मधे कुठे घुसता, मी आधी पाहिलंय!" "मी तर तुमच्याही आधी पाहिलंय!" कॉलर धरणाऱ्यानं चुळबुळत मागे बघितलं, आपला नंबर जातोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि कॉलर सोडून तोही रांगेत जाऊन उभा राहिला. तो माणूस माझ्या पायाशी खाली बसला आणि पोत्याला मिठी मारली. मी त्याच्या आणि लोकांच्या मधे उभी राहिले. तिथूनच एकदाचा पोलिसांना फोन लागला. कुणाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

मॅडम क्रेटवरून उतरून वाकून एकेकाचं ऐकत होत्या. घाई नाही. "पोराच्या अंगात काय होतं? कुठल्या हाताला धरलं होतं? कुठून कुठे गेला? आठवा, सावकाश आठवा." माणसं डोळे मिटून आठवत होती. आठवताना त्यांचे चेहरे बदलत होते. एक तरुण पुढे आला आणि कुजबुजायच्याऐवजी मोठ्यानंच म्हणाला, "मॅडम, मी नाही पाहिलं, माझ्या मेव्हण्यानं पाहिलं. पण तो कामावर गेलाय. मग मी घरी जाऊ का?" मॅडम म्हणाल्या, "जा. सांभाळून जा." त्याच्या मागचे आणखी काही जण, फारसं काही न बोलता, त्याच्याबरोबर निघून गेले.

तेवढ्यात पलीकडून एका कोळणीची आरोळी आली, "गावला! इवान गावला!"

बर्फवाल्याच्या मागे थर्माकोलचे रिकामे खोके रचले होते. त्यातल्या एकात पोरगा पाय पसरून बसला होता आणि आजीच्या मोबाइलवर कार्टून बघत होता. बातमी कळलेले घरचे लोक आजीला फोन लावून लावून थकले होते. प्रत्येक कॉल तो कापत होता, कार्टून मधेच थांबतं म्हणून.

पोलीस आले. मॅडम त्या माणसाबरोबर जीपपर्यंत गेल्या, पोलिसांना नीट समजावून सांगितलं की याला कोठडीत नव्हे, डॉक्टरकडे न्यायचंय. परत आल्या तर रांगेत शेवटचा एक माणूस अजून उभा. "पोर सापडलं, म्हणजे आता माझं ऐकणार नाही का?" मॅडमनी वाकून कान पुढे केला आणि त्याचंही सगळं ऐकून घेतलं.

घरी येताना वाटेत त्यांनी मला विचारलं, "तुला वाटतं का मी घाबरले होते?"

"तुमचे हात अजून थरथरतायत मॅडम."

त्यांनी दोन्ही हात समोर धरून परक्याचे असावेत तसे बघितले. "हो की. म्हणजे घाबरलेच असणार," म्हणाल्या, आणि तळ्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. त्या शुक्रवारी आम्ही वरणभात खाल्ला.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. पण पुढच्या शुक्रवारी आम्ही बाजारात गेलो, तर नामीबायनं तोंड फिरवलं. "जिताडा नाय." समोर जिताडा पडलेला. "हा कुणाचा?" "इकायचा नाय." मग अचानक ती मॅडमवर उसळली. आजवर 'तुमी' म्हणणारी बाई एकदम 'तू' वर आली. "माझा पोर गेला होता, माझा! तू माझ्याकडं नाय बगितलंस. त्या येड्यासाठी वर चडून उबी रायलीस. माझा इश्वास नाय तुला?"

मनाचा एवढा अभ्यास केलेली बाई, पण साधं 'चुकलं गं माझं' म्हणावं की म्हणू नये, हे त्यांना ठरवता येईना. चुकलं तर नव्हतंच. पण ते सांगितलं तर नामीबाय खोटी ठरत होती.

मग त्यांनी शास्त्रीय उपाय काढला. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेला पडली की ती आवडायला लागते, असं त्या वर्गात शिकवायच्या. म्हणून शनिवार सोडून रोज सकाळी बाजारात जायचं, नामीबायच्या ओट्यासमोर थोडा वेळ उभं राहायचं, काही न बोलता, आणि परत यायचं. परिणाम उलटाच झाला. नामीबाय शेजारणींना सांगायला लागली, "ही बाय रोज येऊन टकामका बगते नि जाते. माझं मावरं नासतं त्यानी." एका शेजारणीनं तर लिंबू-मिरची आणून ओट्याला बांधली. मॅडमनी घरी येऊन मला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, पण जेवल्या नाहीत.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दुपारी दार वाजलं. नामीबाय. हातात पिशवी, पिशवीत जिताडा. साफ करून, तुकड्या करून आणलेला. आत आली, खुर्ची दिली तर खाली फरशीवरच बसली. मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाली, "तू बस गं पोरी. तुजंपण हेच शिक्षाण हाय ना?"

मॅडमनी "कशावरून" विचारलं नाही. त्याही खाली बसल्या.

"मना झोप येत नाय," नामीबाय म्हणाली. "पोरगा नजरेआड झाला का काळीज असं उडतं. ते एक. पण ते नाय खरं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या येड्यानी पोराला हात लावलेला मी नाय बगितला. पण तवा मना दिसला होता, बाय. देवाशपत दिसला होता. मी बोट दावलं. माझ्या बोटानी मेला असता तो."

मी मॅडमकडे बघत होते. हाच विषय त्यांनी जन्मभर शिकवला होता. त्यावर त्या तासभर बोलू शकल्या असत्या.

"दिसला होता ना तुला?" त्या म्हणाल्या. "मग तू खोटं नाही बोललीस."

"मंग काय झालं ते?"

"घाबरलेल्या माणसाला दिसतं. मला पण दिसलं असतं."

"तुला? नाय. तू शिकलेली."

"माझं पोर असतं तर मलाही दिसलं असतं, नामी." हे म्हणताना मॅडमचा आवाज वेगळा झाला. त्यांना पोर नव्हतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

नामीबायनं मग एकच मागणं मागितलं. त्या माणसाला भेटायचं. पोलिसांनी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं आणि तिथून गावाबाहेर, गाढी नदीपलीकडे, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका आश्रमात ठेवलं होतं. एका रविवारी आम्ही तिघी रिक्षानं तिथे गेलो. नामीबायनं बरोबर सुके बोंबील घेतले होते. ते फाटकावरच काढून घेतले, त्यावरून ती वॉचमनशी भांडली. "आजारी मानसाला ताकद नको?"

आतल्या खोलीत तो बसला होता. दाढी काढलेली, केस कापलेले, अंगात एकच शर्ट. औषधं चालू झाल्यापासून बोलायला लागला होता. नाव सांगितलं होतं, दूर उत्तरेकडचं गाव सांगितलं होतं. आश्रमातल्या ताईंनी त्याला विचारलं, "इन को पहचानते हो?"

त्यानं नामीबायकडे बघितलं आणि उठून उभा राहिला. "अम्मा," तो म्हणाला. "सब मार रहे थे. ये अकेली मेरे लिए रो रही थीं."

नामीबायचं तोंड उघडंच राहिलं.

मग त्याची नजर मॅडमकडे गेली. तो भिंतीला चिकटला. अंग चोरून, बोट दाखवून म्हणाला, "ये थी. ये ऊपर खड़ी होकर चिल्ला रही थी. यही सबको बुला रही थी."

ताई गोंधळल्या, म्हणाल्या, "नहीं नहीं, इन्होंने तो..." मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं आणि त्या खोलीबाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. अंगणात जांभळाखाली एक बाक होता, तिथे त्या बसल्या होत्या. मला वाटलं, रडत असतील. त्या हसत होत्या, पण डोळे ओले होते.

"बघ," म्हणाल्या, "एकही तपशील चुकला नाही. मी वर उभी होते, ओरडत होते, सगळ्यांना बोलावत होते. ती रडत होती. माझ्या एवढ्या वर्षांच्या वर्गांत असा अचूक साक्षीदार मिळाला नाही. फक्त..." आणि त्यांनी हवेत हात फिरवला.

"मी आत जाऊन समजावून सांगू का त्याला?"

"काय सांगशील? की ती अम्मा नव्हती?"

मी खाली बसले.

त्यानंतर त्या दोघी दर रविवारी जायला लागल्या. मला सुट्टी असली की मीही. नामीबाय आत जायची, त्याला बेसनाचे लाडू भरवायची, औषध घेतलं की नाही म्हणून दटावायची. मॅडम बाकावर पेपर वाचत बसायच्या. एवढ्या लांब यायचं आणि आत जायचं नाही, याला काय अर्थ आहे असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "मला बघून त्याला त्रास होतो. पण ती एकटी आली तर रिक्षावाल्याशी भांडते." नामीबाय बाहेर येऊन सगळा वृत्तान्त सांगायची, तो किती जेवला, काय बोलला, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "आज सांगतेच होते त्याला खरं. पर त्यानी परत अम्मा म्हटलं."

आश्रमानं त्याच्या गावचा पत्ता लावला. त्याचा भाऊ त्याला न्यायला आला. आम्ही तिघी गेलो होतो. भाऊ हडकुळा, थकलेला, पाठीवर बॅग. त्यानं नामीबायच्या पायावर डोकं ठेवलं. "माताजी, आपने हमारे भाई की जान बचाई."

नामीबायनं खिडकीतून बाहेर बाकाकडे बघितलं. खरं काय ते तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मॅडमनाही दिसलं असावं, कारण त्यांनी पेपरवरून मान नकारार्थी हलवली, एकदाच, वर्गात उत्तर सांगणाऱ्या मुलीला गप्प करावं तशी.

नामीबायनं दोघा भावांच्या डोक्यावर हात ठेवले. "जा रे बाबांनो. औषीद टायमावर घे. हसत जाऊ नको कुनाकडं बगून, लोक वाईट अस्तात." त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी मान डोलावली.

ती बाहेर आली आणि बाकापुढे उभी राहिली. "माझा जीव जळतो इतं." मॅडम सरकल्या, तिला जागा करून दिली. ती बसली.

दोघं भाऊ फाटकाकडे निघाले. बाकाजवळून जाताना तो माणूस भावाच्या पलीकडच्या बाजूला झाला आणि त्याचा हात धरला. मॅडम खाली बघत राहिल्या, बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"रिक्षात बसतोय," नामीबाय म्हणाली. "वळून बगतोय. हात करतोय मना."

"मग कर ना तूही."

नामीबायनं हात वर केला. रिक्षा नदीच्या पुलावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली, आणि तोपर्यंत मॅडम काही मान वर करेनात.